बॉयलरचा काटा सारखा खाली येतो, पाणी भरत राहू का?

काका, नमस्कार. आम्हाला या घरात येऊन आठ महिने झाले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसचा कॉम्बी बॉयलर आहे. त्यावरच सात रेडिएटर चालतात आणि नळाला गरम पाणी येतं. थंडी सुरू झाल्यापासून दर चार-पाच दिवसांनी सकाळी बॉयलर बंद पडलेला असतो आणि काटा 0.4 वर आलेला असतो. खाली एक जाळीची नळी आहे, तिच्या दोन्ही टोकांना काळ्या मुठी आहेत. त्या फिरवून मी पाणी भरते, काटा 1.5 वर आणते आणि बॉयलर पुन्हा चालू होतो. संध्याकाळी रेडिएटर तापले की तोच काटा 2.8 ते 2.9 पर्यंत चढलेला दिसतो. गेल्या आठवड्यात भरता भरता फोन वाजला, मी वळले, तेवढ्यात काटा 3 च्या पुढे गेला आणि बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीतून धार लागली. तेव्हापासून ती नळी अधूनमधून ठिबकते. शेजारी म्हणाले, टोकाला बूच मारून टाका. घरात सासूबाई आहेत, त्यांना गारठा सोसत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं दहा दिवस बाहेर जाणार आहोत, तेव्हा त्या एकट्या असतील. मी असंच पाणी भरत राहू का? बॉयलर फुटेल का? आणि शॉवरची धार बारीक झाली आहे, तीही या कमी प्रेशरमुळेच का?
— एक वाचक

ताई,

आधी बुचाचं बोलू, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही. त्या तांब्याच्या नळीला बूच मारू नका. टोपण नको, चिंधी कोंबणं नको, टोक चेपणंही नको. ती नळी बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून आलेली आहे. आतलं प्रेशर 3 बारला, म्हणजे काट्यावरच्या 3 ला, पोचलं की हा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर उघडतो आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकतो. गेल्या आठवड्यात तुम्ही जी धार पाहिली, ती व्हॉल्व्हनं आपलं काम चोख केल्याची खूण होती. बॉयलर फुटेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच नळीत आहे. ती मोकळी आहे म्हणून जास्तीच्या प्रेशरला वाट आहे. ती बंद केलीत, तर ती वाट बंद होईल. शेजाऱ्यांनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता शॉवरचं, कारण ते दोन वाक्यांत संपतं आणि त्यावरून पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. बॉयलरवरचा काटा फक्त रेडिएटरच्या पाण्याचं प्रेशर दाखवतो. शॉवरचं पाणी घरात येणाऱ्या मुख्य लाइनच्या जोरावर येतं, त्याचा या काट्याशी काही संबंध नाही. शॉवर सुधारावा म्हणून कुणी काटा वर चढवायला सांगितलं, तर तसं करू नका. एकाच नळाचं गार आणि गरम पाणी आळीपाळीनं पूर्ण सोडून बघा. दोन्ही बारीक असेल तर मुख्य कॉक अर्धवट उघडा आहे का ते पाहा, शॉवरच्या जाळीत क्षार बसलेत का तेही पाहा. गार जोरात आणि गरमच बारीक असेल, तर बहुधा बॉयलरच्या आत कुठे तरी गाळणी किंवा प्लेट (नळाचं पाणी जिच्यात तापतं तो भाग) तुंबली आहे. मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्या कानावर घाला.

मुख्य प्रश्न तुमच्या पाणी भरण्याचा आहे. वर्षातून एकदा-दोनदा पाणी भरावं लागणं अगदी साहजिक आहे. रेडिएटरची हवा काढली की प्रेशर थोडं उतरतं, आणि सांध्यांमधून वर्षभरात नकळत काही थेंब जातातच. पण दर चार दिवसांनी भरावं लागतंय, हे लक्षण आहे. रेडिएटरचं पाणी बंद वर्तुळात फिरतं. बॉयलरमधून निघतं, सातही रेडिएटरमधून जातं, गार होऊन परत बॉयलरमध्ये येतं. त्याला कुठे खर्चच नाही. तेव्हा ते कमी होतंय याचा अर्थ कुठून तरी बाहेर जातंय, आणि तुम्ही भरलेलं पाणीही त्याच वाटेनं जातंय.

ही वाट कुठली, हे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला जवळजवळ सांगून टाकलं. सकाळी 0.4 आणि संध्याकाळी 2.9. प्रश्न बारकाईनं विचारणं म्हणजे काय, ते तुम्ही दाखवलंत. बहुतेक पत्रांत नुसतं ‘प्रेशर जातं’ एवढंच लिहिलेलं असतं.

पाणी तापलं की फुगतं. फार नाही, पण त्याला दाबून बसवता येत नाही, म्हणून तेवढ्यानंही फरक पडतो. तुमच्या सात रेडिएटरांत आणि पाइपांत मिळून 100 लिटर पाणी आहे असं धरा. ते 10 अंशांवरून 80 अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ 3 लिटरनं वाढतं. या 3 लिटरला जागा हवी. ती जागा म्हणजे एक्स्पान्शन व्हेसल. ही पोलादी डबी असते, पुष्कळ कॉम्बी बॉयलरमध्ये आतच मागच्या बाजूला बसवलेली, बहुतेकदा लाल किंवा करड्या रंगाची, चपटी. तिच्या पोटात मधोमध रबराचा पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला रेडिएटरचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. कारखान्यातून येताना ही हवा साधारण 0.75 ते 1 बारला भरलेली असते. पाणी फुगलं की ते पडद्याला ढकलतं, हवा दबते, आणि काटा जेमतेम अर्धा बार वर जातो. पाणी गार झालं की हवा पडद्याला परत ढकलते आणि काटा जागेवर येतो.

सायकलच्या ट्यूबमधली हवा जशी न पंक्चर होताही महिन्यांत उतरते, तशी या डबीतली हवाही वर्षांत उतरते. हवा गेली की पडदा एका बाजूला चिकटून बसतो, डबी पाण्यानं भरून जाते, आणि फुगणाऱ्या पाण्याला जागाच राहत नाही. मग काय होतं बघा. सकाळी तुम्ही 1.5 वर भरता. संध्याकाळी रेडिएटर तापतात, पाणी फुगतं, काटा 3 कडे धावतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी बाहेर सोडतो. रात्री सगळं गार होतं, पाणी आकसतं, आणि जेवढं बाहेर गेलं तेवढं कमी पडतं म्हणून काटा खाली येतो. असं दोन-चार संध्याकाळी झालं की 0.4. तुम्ही पुन्हा भरता. तुमचं पाणी सकाळी आत जातं आणि संध्याकाळी त्या तांब्याच्या नळीतून बाहेर पडतं.

गार असताना 1 ते 1.5 आणि पूर्ण तापल्यावर 2 च्या आसपास, असा काटा निरोगी घरात दिसतो. तापल्यावर अर्ध्या बारची, फार तर पाऊण बारची चढ चालते. तुमच्याकडे ती जवळजवळ दीड बारची आहे. म्हणून माझा पहिला संशय व्हेसलवर.

याची खात्री तुम्ही घरबसल्या करू शकता. बाहेरच्या तांब्याच्या नळीच्या टोकाला एक कोरडी प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं सैलशी बांधा, नळीचं तोंड दाबलं जाणार नाही अशी. हे सकाळी, सगळं गार असताना करा, कारण त्या नळीतून येणारं पाणी चटका बसण्याइतकं गरम असू शकतं. संध्याकाळी हीटिंग नेहमीसारखं चालवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी बघा. पाणी साठलेलं असेल, तर वाट सापडली. पिशवी काढून टाकायला विसरू नका.

पिशवी कोरडी निघाली, तर गळती बहुधा घरात आहे. तेव्हा प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. टिश्यूवर ओल लगेच उमटते, हाताला जाणवत नाही. वापरायच्या व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ, नट असतो तिथे, जास्त लक्ष द्या. तांब्याच्या सांध्यावर हिरवट किंवा पांढरट पावडर दिसली, तर तिथून कधी तरी पाणी आलेलं आहे, आत्ता कोरडं दिसलं तरी. गरम पाइपवरचा थेंब वाळून जातो आणि मागे एवढा डाग राहतो, म्हणून ही तपासणी सकाळी गार असतानाच करावी. टॉवेल वाळवायची शिडी, जिन्याखालचे पाइप, बॉयलरचा तळ, हे सगळं टॉर्च घेऊन बघा. छतावर कुठे पिवळसर गोल डाग आला असेल तर तोही.

बॉयलरखालचे दोन कॉक बंद करून गळती बॉयलरमध्ये आहे की पाइपांत, हे ओळखायची एक पद्धत आहे. ती मी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही. ते कॉक वर्षानुवर्षं न फिरवलेले असतात, फिरवले की स्वतःच ठिबकायला लागतात. आणि ते बंद असताना चुकून बॉयलर सुरू झाला, तर नसती आफत. ते काम मेकॅनिकवर सोडा.

आता तुम्ही पाणी भरता त्याबद्दल. मेकॅनिक येईपर्यंत एक-दोनदा भरावं लागेलच, तेव्हा ते नीट करू. मी माणसांना ही गोष्ट शेजारी उभं राहून शिकवत आलो आहे, कारण चुका नेहमी त्याच होतात.

पहिली चूक गरम बॉयलरवर पाणी भरण्याची. तापलेला असताना काटा खोटं बोलतो, कारण त्यात फुगण्याचं प्रेशर मिसळलेलं असतं. शिवाय तापलेल्या भागात गार पाणी सोडणं बरं नाही. म्हणून बॉयलर बंद करा आणि रेडिएटरला हात लावून तो गार लागेपर्यंत थांबा. सकाळी उठल्या उठल्या भरणं सगळ्यात सोयीचं.

मग ती जाळीची नळी. तिला फिलिंग लूप म्हणतात. तिचं एक टोक नळाच्या गार पाण्याच्या लाइनला आहे, दुसरं रेडिएटरच्या पाण्याला. दोन्ही टोकांचे नट घट्ट आहेत ना, ते हातानं बघा. खाली एक फडकं ठेवा. मूठ पाइपच्या रेषेत असली की कॉक उघडलेला असतो, आडवी असली की बंद. काही कॉकना मूठ नसते, नुसती खाच असते, तिला चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो. तिथेही खाच पाइपच्या रेषेत असली की कॉक उघडलेला असतो. आधी एका टोकाचा कॉक पूर्ण उघडा. काही होणार नाही. आता दुसऱ्या टोकाचा अगदी सावकाश, घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकतो तेवढाच. बारीक ‘सीSS’ असा आवाज येईल. तो आवाज म्हणजे पाणी चाललंय. इथेच थांबा, कॉक आणखी उघडू नका, आणि नजर काट्यावरून हलवू नका. बरेच काटे जरा उशिरा उठतात. हात पुढे आणि काटा मागे, असं होऊनच बहुतेकांचं प्रेशर 2 च्या वर जातं. काटा 1.2 वर आला की दुसरा कॉक बंद, मग पहिला बंद. आवाज थांबला का ते कान देऊन ऐका. फोन वाजला तर वाजू द्या, पण कॉक उघडा ठेवून मान वळवू नका.

भरून झालं की ती नळी काढून ठेवा आणि दोन्ही टोकांना टोपणं लावा, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. कुणी करत नाही, पण त्यामागे कारण आहे. रेडिएटरचं पाणी घाण असतं, त्यात गंज रोखायचं रसायन असतं. ते उलट फिरून पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून मध्ये उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, आणि नळी काढून ठेवणं ही त्यावरची दुसरी खात्री. काढताना थोडं पाणी सांडेल, म्हणून ते फडकं. तुमच्या बॉयलरमध्ये नळी आतच बसवलेली असेल आणि चावीनं भरायचं असेल, तर काढायचं काही नसतं, चावी बंद जागेवर आली एवढं बघायचं.

मी 1.5 ऐवजी 1.2 सांगितलं, तेही विचार करून. तुमच्याकडे फुगणाऱ्या पाण्याला जागा नाही. जितक्या वरून सुरुवात कराल, तितक्या लवकर 3 गाठाल. मजल्यांचा हिशोब लागतो तोही सांगतो. 1 बार म्हणजे साधारण 10 मीटर उंचीच्या पाण्याचं वजन. सगळ्यात वरचा रेडिएटर बॉयलरपेक्षा एक मजला, म्हणजे 3 मीटर वर असेल, तर पाणी तिथपर्यंत पोचवायला 0.3 बार खर्च होतात. दोन मजल्यांना 0.6. म्हणून साध्या घराला 1 ते 1.2 पुरतं आणि उंच घराला 1.5 लागतं. ज्यांच्या गेजवर पीएसआयचे आकडे आहेत त्यांच्यासाठी, 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय. आणि ज्यांच्या माळ्यावर रेडिएटरची छोटी पाण्याची टाकी आहे, त्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे प्रेशर टाकीच सांभाळते.

काटा चुकून 2 च्या वर गेला, तर घाबरायचं नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्हची टोपी फिरवून सोडायचंही नाही. एकदा फिरवली की तिच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकतो आणि व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बसत नाही. तुमची नळी त्या दिवसापासून ठिबकतेय, त्याचंही कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. प्रेशर उतरवायचं ते रेडिएटरमधून. रेडिएटर गार करा, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाला हवा काढायची किल्ली लावा, खाली भांडं धरा, अर्धा फेरा उघडा. आधी हवा फुसफुसेल, मग पाणी येईल. ते भांड्यात घ्या आणि दर कपभर पाण्यानंतर काटा बघून या. पाणी काळं आलं तर भिंतीवर किंवा गालिच्यावर उडू देऊ नका, तो डाग निघत नाही.

त्या काळ्या पाण्यामुळेच मी ‘भरत राहा’ असं म्हणत नाही. नळाच्या प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आत जातो. बंद वर्तुळातलं जुनं पाणी काही दिवसांत आपला ऑक्सिजन खर्च करून शांत होतं. मग लोखंड फारसं गंजत नाही. तुम्ही दर चार दिवसांनी ताजं पाणी घातलंत की गंजाला दर चार दिवसांनी नवा खुराक मिळतो. त्याबरोबर क्षार जातात, आणि गंज रोखायचं रसायन पातळ होत जातं. मी एका घरी भिंतीवरून उतरवलेला रेडिएटर अंगणात नेऊन उलटा केला होता. त्या घरी दोन हिवाळे दर आठवड्याला पाणी भरलं जात होतं. आतून शाईसारखं काळं पाणी आलं आणि मागोमाग ओल्या कोळशाच्या भुकटीसारखा गाळ. मी खिशातलं चुंबक त्यात बुडवलं, तर ते केसाळ होऊन बाहेर आलं. तो मॅग्नेटाइट, लोखंडाचाच ऑक्साइड. म्हणजे रेडिएटर आतून झिजून तिथे पडला होता. तोच गाळ पुढे पंपात जातो, बॉयलरच्या बारीक वाटांत जातो. त्या घरात व्हेसलची हवा भरण्यापुरतं असलेलं काम पंप आणि मुख्य हीट एक्स्चेंजरपर्यंत (ज्योतीवर पाणी तापतं तो भाग) गेलं, आणि ते मला अजून टोचतं, कारण त्या माणसानं दर आठवड्याला न चुकता, अगदी मनापासून काळजी घेतली होती.

तुमच्या रेडिएटरांचा अंदाज हातानं घेता येईल. तापलेला असताना वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा आहे, ती काढा. खालचा मधला भाग गार आणि वरचा गरम असेल, तर तळाशी गाळ बसलाय. एकाच रेडिएटरमध्ये परत परत हवा साठत असेल तर तेही मेकॅनिकला सांगा. गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो असाच वरच्या कोपऱ्यात जमतो. म्हणून हवा काढताना जवळ काडी किंवा लायटर पेटवू नका.

मेकॅनिककडून काय करून घ्यायचं, ते स्पष्ट लिहितो. गॅसच्या कामाचा परवाना असलेलाच माणूस बोलवा आणि त्याला फोनवरच सांगा: “गार असताना 1.5, गरम झाल्यावर 2.9, बाहेरची नळी ठिबकते.” एवढ्या एका वाक्यानं तो व्हेसल तपासायचा गेज आणि पंप घेऊनच येईल. व्हेसलला गाडीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. तो पिन दाबून बघेल. पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, व्हेसल बदलावं लागेल. नुसतीच हवा कमी असेल, तर आधी बॉयलरमधलं पाण्याचं प्रेशर शून्यावर उतरवून मग पुस्तिकेतल्या आकड्याइतकी हवा भरली पाहिजे. पाणी दाबाखाली असतानाच हवा भरली, तर गेजवरचा आकडा फसवा येतो आणि महिन्याभरात तुम्ही परत याच जागी. तेव्हा हे त्याला विचारा, संकोच करू नका. व्हेसल बॉयलरच्या अगदी मागे असेल आणि काढणं अवघड असेल, तर बाहेर पाइपवर वेगळं व्हेसल बसवता येतं, तेही उत्तम चालतं. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर तोही याच वेळी बदलून घ्या. नाही तर व्हेसल नवं आणि पाणी तरी जातंच, असं होईल. शेवटी गंज रोखायचं रसायन पुन्हा घालून घ्या, कारण तुमच्याकडचं आतापर्यंत निम्मंअधिक वाहून गेलं असणार.

हवा भरणं सोपं दिसतं, सायकलचा पंपही चालतो. तरीही ते तुम्ही स्वतः करू नका असंच मी सांगेन. पुष्कळ बॉयलरमध्ये व्हेसलपर्यंत पोचायला पुढचं झाकण काढावं लागतं, आणि बऱ्याच गॅस बॉयलरमध्ये ते झाकणच जळालेला वायू घरात येऊ न देणारी सील असते. ते पुन्हा बरोबर बसलं की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात त्याचा अलार्म नसेल, तर या सगळ्या कामाआधी तो आणून लावा. सासूबाईंच्या झोपायच्या खोलीपर्यंत त्याचा आवाज पोचतो ना, तेही बघा.

मेकॅनिक येईपर्यंत एक सोपी गोष्ट मात्र आज संध्याकाळीच करता येईल. बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ठरवायचं बटण असतं, त्यावर रेडिएटरचं चित्र असतं. ते 75-80 वर असेल तर 55 वर आणा. 10 अंशांवरून 55 पर्यंत जाताना पाणी 80 च्या मानानं जवळजवळ निम्मंच फुगतं, 100 लिटरला साधारण दीड लिटर. काटा 3 पर्यंत पोचणारच नाही किंवा फार कमी वेळा पोचेल. रेडिएटर हाताला नेहमीपेक्षा कमी गरम लागतील, म्हणून हीटिंग जास्त वेळ चालू ठेवा, खोली तेवढीच उबदार होईल. नळाच्या गरम पाण्याचं बटण वेगळं असतं, नळाचं चित्र असलेलं, त्याला हात लावू नका. ज्यांच्याकडे कॉम्बी नसून गरम पाण्याची साठवण टाकी आहे, त्यांनी हा उपाय मेकॅनिकला विचारल्याशिवाय करू नये, कारण साठवलेलं पाणी 60 अंशांच्या खाली राहिलं तर त्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

एक वही बॉयलरजवळ टांगा. सकाळी गार असताना एक आकडा, संध्याकाळी तापल्यावर एक आकडा, आणि ज्या दिवशी पाणी भरलं त्या दिवशी खूण. पाच-सहा दिवस पुरे. त्यात आणखी एक गोष्ट दिसली तर ती वेगळी लिहा: हीटिंग पूर्ण बंद असताना, सगळं गार असताना काटा आपोआप वर चढतोय का. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. पण तसं दिसलं, तर फिलिंग लूपचा कॉक आतून पाणी सोडतोय किंवा बॉयलरमधली प्लेट फुटून नळाचं पाणी रेडिएटरमध्ये शिरतंय. तेव्हा नळी काढून ठेवा. तरी चढत राहिला तर प्लेट.

बॉयलरच्या स्क्रीनवर बिघाडाचा कोड येत असेल तर तोही वहीत उतरवा. व्हायलांट कंपनीच्या बॉयलरवर एफ.22 हा कमी पाण्याचा कोड आहे, आयडियल कंपनीच्या लॉजिक मॉडेलवर एफ1. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून पुस्तिकेतच बघा. पाणी भरल्यावर कोड जात नसेल तर रीसेटचं बटण एकदा दाबा. पुन्हा आला तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबत बसू नका.

राहिला तुमच्या दहा दिवसांचा प्रश्न. काम झाल्याशिवाय जाऊ नका, असं मी आग्रहानं सांगतो. मेकॅनिकची तारीख तुमच्या निघण्याच्या निदान आठवडाभर आधीची घ्या, म्हणजे नवा काटा तुम्ही स्वतः सात दिवस पाहाल. तेवढ्या दिवसांत गार असताना तो दशांशभरही हलला नाही, तर निर्धास्त जा. पाणी भरायला सासूबाईंना शिकवू नका. वाकून, चष्मा सांभाळत, एका हातानं कॉक आणि डोळे काट्यावर, हे त्यांच्यावर टाकायचं काम नव्हे. त्यांच्यासाठी एक विजेचा हीटर खोलीत आधीच तयार ठेवा, म्हणजे बॉयलर रात्री बंद पडला तरी त्या गारठणार नाहीत. गेजच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर ठळक अक्षरांत लिहा: “काटा 0.5 च्या खाली किंवा 2.5 च्या वर: बॉयलर बंद करा आणि फोन करा.” खाली मेकॅनिकचा नंबर मोठा लिहा. आणि जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून एकदा बॉयलरचा स्विच बंद-चालू करून घ्या, तुमच्यासमोर, त्यांच्या हातानं.